कपाळावरच्या पट्टीचा तो आकडा म्हणजे मेंदूचे टक्के नाहीत भो

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय, आयसीयूतल्या पेशंटच्या कपाळाला पट्टी, मशीनवर 45, आन खाली लिहिलंय "मेंदू 45 टक्केच चालू, बिलासाठी झोपवून ठेवलंय". चूक आहे हे. त्या मशीनला बीआयएस म्हणतात, मेंदूच्या लहरींवरून गुंगी किती खोल ते 0 ते 100 मधी दाखवतं, ऑपरेशनच्या भुलीत 40 ते 60 च ठेवतात, म्हणजे 45 ला घाबरायचं काय? कपाळाचे स्नायू हलले तरी आकडा उगाच वर जातो.

आयसीयूत खरी भिस्त नर्सवर. सिस्टर कानाशी येऊन "बाबा, डोळे उघडा, माझ्याकडं बघा" म्हणते, नजर 10 सेकंद तरी टिकते का बघते, आन त्यावरून रास स्कोअर, म्हणजे बेचैनी-गुंगीचा आकडा लिहिते, +4 (फार बेचैन) ते -5 (एकदम खोल गुंगी), शून्य म्हणजे जागा आन शांत. स्नायू ढिले करायचं औषध चालू असलं तर पेशंट हलूच शकत नाही, तिथं ही पट्टी कामाची.

आन बिलाचं म्हणाल तर उलटंय, जमेल तिथं गुंगी हलकीच ठेवतात, बऱ्याच ठिकाणी रोज औषध थांबवून बघतात, कारण खोल गुंगीनं व्हेंटिलेटर लांबतो. शंका असली तर डॉक्टरला सरळ विचारा, "आज रास किती?"