निव्वळ आकडा घटला म्हणून पोलाद वितरक खंगत नाही

"ताळेबंदातल्या मालमत्ता, यंत्रसंच व उपकरणे यांचा निव्वळ आकडा दरवर्षी घटतोय, म्हणजे यंत्रे झिजली, धंदा आटतोय. सगळे विकले तर तेवढेच पैसे येतील." पोलाद वितरण कंपन्यांबद्दल हा निष्कर्ष सर्रास फिरतो. त्यावर विसंबून लोक शेअर विकतात, म्हणून तो तपासायलाच हवा.

विक्रीचे आधी बघू. निव्वळ म्हणजे मूळ खर्चातून आजवरचा घसारा (वापरामुळे दरवर्षी हिशेबात कमी केलेली किंमत) वजा जाऊन उरलेली रक्कम. त्या खर्चात पाया, वाहतूक, उभारणीही धरलेली असते आणि यंत्र विकताना ती परत मिळत नाही. याउलट, मालकीच्या जमिनीवर घसारा नसतो. पुनर्मूल्यांकन केले नसेल तर ती वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीभावातच पडून असते. म्हणजे आकडा दोन्हीकडे फसवतो.

आता "धंदा आटतोय". समजा, कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) चिरून पट्ट्या करणारी स्लिटिंग लाइन १० कोटींची आहे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ प्रमाणे सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे. अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) ५ टक्के धरले तर ९.५ कोटी १५ वर्षांत विभागायचे, वर्षाला सुमारे ६३.३ लाख. सहा वर्षांनी निव्वळ उरतात ६.२ कोटी. पण हीच लाइन दोन पाळ्यांत चालली तर त्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी वाढतो (तीन पाळ्यांत १०० टक्क्यांनी). वर्षाला ९५ लाख. सहा वर्षांनी ४.३ कोटी. झीज जास्त झाली हे खरेच, पण पुरेसे काम असल्याशिवाय कोणी दुसरी पाळी लावत नाही. इथे आकडा घटतो तो धंदा वाढल्यामुळे.

"यंत्रे झिजली" हेही एवढ्यावरून कळत नाही. लाइनचा कस आर्बर (कटर बसवायचा दांडा), बेअरिंग आणि कटरवर ठरतो. कटर बोथट झाले किंवा त्यांच्यातले अंतर चुकले की पट्टीच्या कडेला बर (धारदार खरखरीत कंगोरा) येते आणि ग्राहक माल परत करतो. कटरला धार लावण्याचा खर्च दुरुस्तीत, म्हणजे नफा-तोटा पत्रकात जातो. यंत्र उत्तम राखले तरी निव्वळ आकडा त्याने वाढत नाही.

नवी लाइन उभी राहत असेल तर तिचा पैसा वापरायोग्य होईपर्यंत 'प्रगतिपथावरील भांडवली काम' या वेगळ्या ओळीत असतो. भाड्याच्या गोदामांचेही तसेच: भाडेपट्ट्यांचे लेखामानक इंड एएस ११६ (१ एप्रिल २०१९ पासून) लागू असलेल्या कंपन्या ती बहुधा 'वापरहक्क मालमत्ता' म्हणून वेगळी दाखवतात. एमआयडीसीचा ९५ वर्षांच्या पट्ट्याचा भूखंडही त्यातच येतो. या दोन ओळी न वाचता काढलेला निष्कर्ष अर्धवटच.

शिवाय वितरकाचा बराचसा पैसा कॉइल-प्लेटच्या साठ्यात आणि ग्राहकांच्या उधारीत असतो. नुसता माल आणून विकणाऱ्या, नवी मुंबईजवळच्या कळंबोली पोलाद बाजारातल्या यार्डाला क्रेन आणि वजनकाटा पुरतो. त्याची तुलना पोलाद कारखान्याशी करू नये.

दावा कधी खरा ठरतो? ताळेबंदाला जोडलेल्या मालमत्तेच्या टिपेतल्या तक्त्यात चार-पाच वर्षे नवी भर नगण्य, भांडवली काम शून्य, नवे भाडेपट्टे नाहीत, विकलेले टनेज घसरते आणि दुरुस्तीखर्च मात्र चढतो, हे सगळे एकत्र दिसले तर शंका रास्त आहे.