वगळण्याची यादी

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर भाच्याने एक यादी टाकली. 'वन पीस' ही समुद्री चाच्यांची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नव्याने वाचायला घेणाऱ्या त्याच्या मित्रांसाठी, कोणकोणते भाग गाळले तरी चालतील याची. स्कायपिया गाळा, डेव्ही बॅक फाइट तर गाळाच, थ्रिलर बार्क नुसतं चाळा. खाली बहिणीने अंगठा दिला होता. मी 'असं का रे?' विचारलं तर उत्तर आलं, "मावशी, अकराशेच्या वर प्रकरणं आहेत. मेन स्टोरी कळली की झालं ना!"

आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. सकाळी इथे तोक्योत, तोझाई लाइनच्या मेट्रोत दाराला चिकटून उभी असते तेव्हाही मी मनात त्याच्याशी भांडत असते.

एक तर ही मुलं टीव्हीवरचं फिलर आणि मंगातलं उपकथानक यांची गल्लत करतात. टीव्हीची मालिका मंगाच्या जवळ येऊन पोचली की थांबायला जागा नसते, म्हणून दुसरेच लोक मधले भाग रचतात. पहिल्या 'नारुतो'च्या २२० भागांपैकी शेवटचे जवळपास ऐंशी असेच आहेत. ते गाळा, माझं काही म्हणणं नाही. पण 'वन पीस'ची पानं एइचिरो ओदा जुलै १९९७पासून स्वतः रचत आले आहेत, आणि तीही वाचकांची पसंती घसरली की मालिका काही महिन्यांत गुंडाळणाऱ्या 'जंप' साप्ताहिकात. अशा ठिकाणी ढगांवरच्या एका बेटाला पासष्टेक प्रकरणं देणारा माणूस वेळ काढत नव्हता.

स्कायपियात काय आहे? सोन्याचं शहर पाहिलं म्हणून सांगणारा आणि खोटारडा ठरून देहदंड झालेला नोलंड. चारशे वर्षांनी त्याच्या वंशातला एक म्हातारा ते शहर शोधायला समुद्रात बुड्या मारतोय. शहर बुडालेलं नसतं, वर ढगांत फेकलं गेलेलं असतं. शेवटी कथेचा नायक लुफी सोन्याची घंटा वाजवतो ती खाली त्या म्हाताऱ्याला ऐकू जावी म्हणून. मुख्य कथा यात इंचभरही सरकत नाही, असं भाचा म्हणतो. पण त्याच घंटेपाशी चाच्यांचा राजा रॉजर याचा निरोप कोरलेला सापडतो, आणि तो कोरणारा हात ओडेन या सामुराईचा होता हे सोळाएक वर्षांनी वानोच्या भागात कळतं. ज्याने स्कायपिया गाळलं त्याला ते पान म्हणजे एक माहिती. मला मात्र ते वाचताना कोनबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, बाहेर थांबून राहावं लागलं होतं.

लबूनचंही तेच. १९९९मध्ये मोजक्या प्रकरणांपुरता आलेला, डोंगरावर डोकं आपटणारा देवमासा. तो कोणाची वाट पाहतोय हे थ्रिलर बार्कमध्ये त्याचा जुना सोबती ब्रुक याच्या तोंडून कळायला आठ-नऊ वर्षं जावी लागली. ही वर्षं वाचकाचीही जायला हवीत. एका रात्रीत चाळून ते दुःख कसं पोचेल?

डेव्ही बॅक फाइट मलाही लांबलेलं वाटतं, हे कबूल. पण तो पोरखेळ संपता संपता आओकिजी हा नौदलाचा अ‍ॅडमिरल येऊन उभा राहतो, आणि आपण किती लहान आहोत हे त्या टोळीला पहिल्यांदा कळतं. खेळ आधी झाला नसता तर ती थंडी बोचली नसती.

माझ्या ऑफिसात पन्नाशी ओलांडलेले एक सहकारी आहेत. दर सोमवारी बेंतोच्या डब्याशेजारी त्यांचा 'जंप' असतो. त्यांना मी ही यादी सांगितली, तर त्यांना कळेचना की गाळून मग वाचायचं काय. इथेही 'हिकिनोबाशी', म्हणजे उगाच ताणलंय, म्हणून लोक कुरकुरतात, नाही असं नाही. पण कुरकुरत वाचतात. आपल्याकडे सगळ्याचं सार हवं असतं, पुस्तकाचं, सिनेमाचं, माणसाचंही. हे ग्रुपवर लिहिलं, तर बहिणीचं उत्तर: "तुला तिथे निवांतपणा आहे, आम्हाला नाही." शेवटच्या गाडीने घरी येणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागतं.

आणि ही घाई आपली कधीपासून झाली? सांगलीत कीर्तनाला बसायचो तेव्हा बुवा मूळ गोष्ट सोडून तासभर दुसरीकडे फिरून यायचे, कोणी उठून जायचं नाही. उपाख्यानं वगळली तर भारत चोवीस हजार श्लोकांचं, हे महाभारतातच सांगितलंय. म्हणजे वगळण्याची यादी तेव्हाही करता आली असती. केली असती तर नल-दमयंती गेले असते. द्यूतात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला वनात बृहदश्व ऋषी ती गोष्ट सांगतात, द्यूतातच हरलेल्या दुसऱ्या राजाची. आणि सांगून झाल्यावर त्याला अक्षहृदय शिकवतात. पुढे विराटाकडे हाच युधिष्ठिर फाशांचा जाणकार कंक म्हणून राहतो. सांगा, आडवाट कुठली आणि हमरस्ता कुठला?

मी जपानी शिकले तेच 'वन पीस'वर. कांजी या चित्राक्षरांशेजारची फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, लावत, एका पानाला वीस मिनिटं. गाळण्याइतकी भाषाच येत नव्हती. म्हणून सगळं वाचलं.

पण हे सगळं मी भाच्याला लिहिलेलं नाही, कारण मीही गाळलंय. आईचे आवाजी निरोप यायचे, आठ-आठ, दहा-दहा मिनिटांचे. जिन्यातलं भांडण, वसंताची मुलगी, संकष्टीला मिळालेलं कमळ. मी ते दीडपट वेगाने ऐकायची, तेही अर्धे. रविवारी फोन केला की मुद्द्याचं विचारायची, "बाबा कसे आहेत?" "बरे आहेत." झालं. इतक्या लांबून घरची मुख्य कथा एवढीच ऐकू येते, बरे आहेत. बाकी सगळं त्या दहा मिनिटांत असतं.

बाबा फेब्रुवारीत गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. नंतर इथे परत आल्यावर एके रात्री जुने निरोप पहिल्यापासून लावले. नोव्हेंबरमधल्या एकात, सहा मिनिटं उलटून गेल्यावर, आई सांगतेय, "आणि ह्यांनी सायकल वॉचमनच्या मुलाला देऊन टाकली गं. घाटावर आता जाववत नाही म्हणाले. तो पोरगा क्लासला नेतो, बरं वाटतं बघून." आणि श्वासही न घेता पुढे नारळाचा भाव.