मॅग्नेट बाहेरून लागतोच असं नाही
हॉल इफेक्टवरचा (करंटमधले इलेक्ट्रॉन एका बाजूला वळून आडवं व्होल्टेज, म्हणजे हॉल व्होल्टेज, तयार होतं तो) लेख आवडला पण ‘हॉल इफेक्टसाठी बाहेरून चुंबकीय क्षेत्र लागतंच’ हे वाक्य खटकलं. एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर पाहिलं तिथे ते बरोबरच आहे, पण मटेरियल स्वतः मॅग्नेटिक असेल तर गोष्ट बदलते. मँगनीज बिस्मथ टेल्युराइडचंच घ्या, त्याचे सहा थर घेतले की एका थराचं चुंबकत्व वर तर पुढच्याचं खाली, त्यामुळे वरच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका बाजूला वळतात आणि खालचे बरोबर उलट बाजूला, आणि मोजायला गेलं की बेरीज शून्य! म्हणजे इफेक्ट असतो, पण लपलेला. आता वर-खाली गेट (व्होल्टेज द्यायचे इलेक्ट्रोड) लावून व्होल्टेज दिलं की दोन्ही पृष्ठभागांचा समतोल मोडतो आणि हॉल व्होल्टेज चक्क दिसायला लागतं, गेटची दिशा उलटी केली की त्याचं चिन्हही उलटतं. २०२१ मध्ये हे प्रत्यक्ष मोजलंय, लेयर हॉल इफेक्ट म्हणतात. मला तर हे फार सुंदर वाटतं, चुंबकाला हात न लावता नुसत्या व्होल्टेजने! अडचण थंडीची, साधारण २५ केल्विनच्या (उणे २४८ अंश सेल्सिअस) वर याची ती चुंबकीय रचनाच टिकत नाही. पण २०१८ मध्येच आयर्न जर्मेनियम टेल्युराइड या दुसऱ्या चुंबकीय मटेरियलच्या पातळ थरांत आयन गेटने (आयन असलेल्या पदार्थातून व्होल्टेज देणाऱ्या गेटने) चुंबकत्व टिकण्याची मर्यादा रूम टेंपरेचरपर्यंत नेली होती, तेही लेखात यायला हवं होतं.