निघताना बघू: एकतीस डिसेंबरच्या परतीसाठी काही अनुभवसिद्ध सूचना

सरत्या वर्षाला निरोप देण्याचा बेत गिरणारे रस्त्यावरच्या एखाद्या शेतघरात ठरला, की नाशिककर किती काटेकोर होतो, हे यंदा मी जवळून पाहिले. बिछायतवाल्याकडून ४० खुर्च्या आल्या, चुलीवरच्या मटणासाठी खास माणूस आला, आणि मद्यपानाचा एक दिवसाचा परवानाही ५ रुपये मोजून रीतसर घेण्यात आला, कारण कायद्याबाहेर पाऊल टाकलेले आमच्या यजमानांना मुळीच खपत नाही. घरी परतायचे कसे, एवढा एकच प्रश्न कोणी काढला नाही. पुढच्या वर्षी आपली गैरसोय होऊ नये, म्हणून त्या रात्री शिकलेल्या काही गोष्टी येथे नोंदवून ठेवतो.

सर्वप्रथम, परतीचा विचार आधी करूच नये. "निघताना बघू" असे यजमान म्हणाले, की व्यवस्था झाली असे समजावे. मग रात्री १ वाजता गंगापूर धरणाकडून येणाऱ्या वाऱ्यात कुडकुडत मोबाइलवर गाडी मागवावी. चालक फोन करून "कुठे जायचंय?" असे विचारतो, आणि त्यापुढे काय होते ते आपण जाणताच. रिक्षाविषयी मी काहीही लिहिणार नाही.

रात्रीपुरता चालक ठरवण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याला पैसे द्यावे लागतात.

हेल्मेट दुचाकीच्या आरशाला अडकवावे. डिसेंबरच्या थंडीत आरशाचे डोके सांभाळले पाहिजे.

प्याले मोजावेत, परंतु दोनाच्या पुढे मोजू नयेत. किती झाली असे विचारले असता "दोनच" हेच उत्तर द्यावे, कारण नाशिकमध्ये आजवर कोणीही तिसरा पेग घेतल्याचे निदान माझ्या तरी कानावर आलेले नाही. कायदा मात्र पेग मोजत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की तो गुन्हा मानतो. यावर आपल्याकडे रामबाण उपाय आहेत: काळी कॉफी, लिंबू, गार पाण्याचा हबका आणि शेवटी मसाला पान. यकृत आपल्या ठरलेल्या संथ गतीनेच दारूचा निचरा करते आणि यापैकी कशानेही त्याची घाई होत नाही, हे क्षुल्लक शास्त्र विसरावे. कॉफी प्यायलेला दारुडा हा फक्त जागा राहिलेला दारुडा असतो आणि तोंड धुतल्यावर तो स्वच्छ तोंडाचा दारुडा होतो, असे कोणी म्हणाल्यास त्याला रसिकता नाही असे जाहीर करावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, म्हणजे नाकाबंदी. खरे नियोजन येथे दिसते. ज्या मंडळींना संध्याकाळी एक चालक सांगणे जमले नाही, त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मध्यरात्रीनंतर लष्करी मोहिमेच्या तोडीचे संदेश येऊ लागतात: जेहान सर्कलला उभे आहेत, आतून या, मुंबई नाक्याला मशीन आहे, पाथर्डी फाटा मोकळा. पोलीस ज्या कारणासाठी थंडीत उभे आहेत, ते कारण स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या आसनावर, स्टिअरिंग धरून बसलेले आहे, हे या सेनापतींच्या गावीही नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, हे त्यांना तोंडपाठ असते, कारण भीती तेवढीच आहे. आतला रस्ता म्हणजे काय, तर जिथे पोलीस नसतात, दिवे नसतात आणि माणसे मात्र असतात. त्या गल्लीत कुत्र्याला भाकरी टाकायला बाहेर आलेली एखादी आजी असते, रात्रपाळीचा रखवालदार असतो. त्यांना तुमच्या गटात कोणी घेतलेले नसते, त्यामुळे तुम्ही आतून येत आहात हे त्यांना कळत नाही!

भीड मात्र अवश्य बाळगावी. आमच्या स्नेह्यांनी निघताना किल्लीचे बटण दाबले आणि शेजारच्या दुसऱ्याच पांढऱ्या गाडीच्या दाराशी ते झटापट करू लागले. किल्लीला लटकणारी सप्तशृंगीची छोटी तसबीर हेलकावे खात होती. मी त्या रात्री थेंबही घेतला नव्हता, मला गाडी चालवता येते, आणि तरीही "माझी गाडी मीच चालवणार, भाऊ, बसा तुम्ही" एवढ्यावर मी मागे बसलो. शेजारी पत्नी होती, तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती. पत्नीने एकदाच माझ्याकडे पाहिले. भीड ही भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो.

सोमेश्वरच्या अलीकडे समोरून एक सायकलवाला आला. गाडी त्याच्या अंगावर गेली नाही, वीतभर अंतरावरून गेली, आणि तो सायकलसकट रस्त्याच्या कडेला चारीत पडला. "बघितलं, ब्रेक कसा लागला?" असे आमचे स्नेही म्हणाले. मी उतरलो. सातपूरच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून घरी निघालेला माणूस होता. कानाला मफलर, गुडघा फुटलेला, आणि डब्याचे झाकण शोधण्यासाठी तो अंधारात हाताने माती चाचपत होता. मी पोलिसांना बोलावतो म्हणालो, तर तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, गाडीत पोरगी झोपलीय तुमची." मी किल्ली काढून घेतली, त्याला दवाखान्यात दाखवून घरी सोडले आणि पुढे गाडी मीच चालवली.

२ जानेवारीला त्या स्नेह्यांचा फोन आला. चारचौघांत किल्ली हिसकावून मी त्यांचा अपमान केला, असे त्यांचे म्हणणे होते. अपमान? तुम्ही एका माणसाला चारीत पाडलेत आणि त्याचे नावही विचारले नाहीत. तुम्हाला लाज वाटली पाहिजे. मला तर वाटतेच आहे, कारण स्वतःची मुलगी घेऊन मी त्या गाडीत बसलो, आणि किल्ली मागायची ती शेतघराच्या फाटकातच मागायला हवी होती. हा सणाचा आनंद नाही, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे, आणि "एवढं काय झालं" असे म्हणणारे सगळे त्यात सामील आहेत.

गटावर आता रंगपंचमीचा बेत शिजतो आहे आणि खुर्च्यांचा आकडाही आला आहे. चालक सांगा, नाही तर त्याच बिछायतवाल्याकडून २० गाद्या मागवा आणि सकाळपर्यंत तिथेच झोपा. दोन्ही जमत नसेल, तर मला बोलावू नका.