आधी कागदी पाकीट, मग डीएनए बँक

मुंबईत एखादा भयंकर गुन्हा घडला की वाहिन्यांवरच्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘परदेशात बटण दाबलं की डीएनए जुळतो आणि आरोपी सापडतो. आपल्याकडेही डीएनएच्या नोंदींची बँक काढा.’ इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना संताप येतो. या सगळ्यात जुळणी हाच सगळ्यात सोपा भाग आहे.

कॉम्प्युटरमध्ये जातात ते नुसते आकडे. ठरावीक जागी डीएनएचा छोटा तुकडा ओळीने किती वेळा आलाय, त्याची आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी जोडी: १५ आणि १७, समजा. १९९५ मध्ये इथली राष्ट्रीय बँक सुरू झाली तेव्हा अशा सहाच जागा बघत. त्या सहा जुळल्या म्हणून १९९९ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णाला दूरच्या शहरातल्या घरफोडीसाठी पकडलं. दहा जागा तपासल्यावर तो सुटला. २०१४ पासून सोळा जागा बघतात, पण नमुना सडका असेल तर त्यातल्या सात-आठच वाचता येतात. लांब तुकडे आधी तुटतात. अशा अर्धवट नोंदीची योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक असेल आणि बँकेत साठ लाख माणसं असतील, तर सहा निरपराध लोकही जुळू शकतात.

नमुना सडतो तो लॅबच्या आधी. रक्ताचा ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की मुंबईच्या जुलैमध्ये बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. कपडा सावलीत पूर्ण वाळवायचा, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात घालायची, दर वस्तूला हातमोजे बदलायचे, सील, सही, वेळ. मग पंचनाम्यातला क्रमांक, मुद्देमाल रजिस्टरमधला क्रमांक आणि कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक लॅबला दिलेल्या पत्रातला क्रमांक एकच हवा. तो चुकला तर अचूक जुळणीही कोर्टात टिकणं अवघड होतं. चर्चेत यावर कुणी बोलत नाही, याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

नोंद कधी पुसायची, यावरही कुणी बोलत नाही. इथे निर्दोष सुटलेल्याची नोंद बहुतेक वेळा काढली जाते, मूळ नमुना सहा महिन्यांत नष्ट होतो. हा काही इंग्रजांचा चांगुलपणा नव्हे. २००८ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने कान उपटले, तेव्हा २०१२ मध्ये कायदा आला. आपल्या २०२२ च्या कायद्यात जैविक नमुने घेता येतात आणि नोंद ७५ वर्षं राहू शकते. आधी कधी तुरुंगवासाच्या गुन्ह्यात दोषी न ठरलेला आरोपी खटल्यातून सुटला तर ती पुसायची, पण अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर. आपल्या कोर्टांत ते कधी संपणार?

इथल्या पोलिसांनी नमुना मागितला तर गालाच्या आतला स्वॅब द्यायला मी मुकाट तोंड उघडेन; मुंबईत वकील बोलावीन. जे शहर माझं आहे त्याच्यावर इतका अविश्वास आणि जिथे आडनाव दर वेळी अक्षर-अक्षर सांगावं लागतं तिथे इतका भरवसा, हे मला बोचतं. तेही इथल्या खासगी लॅबमध्ये वापरलेला प्लॅस्टिकचा ट्रे पुन्हा वापरल्यामुळे एक तरुण बलात्काराच्या आरोपाखाली काही महिने कोठडीत होता, हे २०१२ मध्ये उघड झाल्यानंतर.

म्हणून मुंबईत बँक काढायचीच तर आधी घटनास्थळी जाणारे हवालदार, लॅबचे कर्मचारी आणि स्वॅब बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार यांच्या नोंदी वेगळ्या यादीत घ्या. वेगवेगळ्या गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए सापडला म्हणून जर्मनीत पोलीस कित्येक वर्षं तिच्या मागावर होते. २००९ मध्ये कळलं, तो डीएनए कापसाच्या स्वॅबवर पॅकिंग करणाऱ्या कामगार बाईचा होता.