वनड्राइव्ह काढायचंय तर काढा, पण फोल्डर उडवून नाही

वनड्राइव्ह म्हणजे विंडोजमधली, आपल्या फाईल्स इंटरनेटवर मायक्रोसॉफ्टकडे (म्हणजे क्लाउडवर) ठेवायची सोय. तिच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय, की वनड्राइव्हचं फोल्डर डिलीट करा, प्रोग्राम अनइन्स्टॉल करा, फाईल्स पीसीवरच असतात त्यांना काही होत नाही, पीसी पण पळायला लागतो आणि जागेसाठी पैसे मागणारे मेसेज पण बंद. ज्याला वनड्राइव्ह नको त्याने खुशाल काढावं, पण असं केलंत तर फोटो, मार्कशीटचे स्कॅन सगळं जाऊ शकतं, म्हणून लिहितोय.

फाईल्स पीसीवरच असतात हे सरसकट खरं नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वेगळं काही न विचारता बॅकअपला लागतात आणि त्यांची जागाच बदलून ते वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात. तिथे फाईलपुढे निळा ढग दिसला तर ती पीसीवर नाहीच, नुसतं नाव दिसतंय. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक असेल तरच ती पीसीवर कायम राहणार.

आणि ते फोल्डर डिलीट करायचं? सिंक, म्हणजे पीसी आणि क्लाउडवरच्या फाईल्स आपोआप सारख्या ठेवणं, चालू असताना तिथून उडवलेली फाईल क्लाउडवरूनही जाते आणि त्याच अकाउंटच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते! पर्सनल अकाउंटला वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळते, नंतर विषय संपला. कुणी आधीच उडवलं असेल तर आजच तिथे जाऊन रिस्टोअर करा.

पीसी पळतो म्हणाल तर हजारो फाईल्स पहिल्यांदा सिंक होताना त्रास होतो हे खरंय, पण एकदा सिंक झालं की वनड्राइव्ह बहुतेक वेळ शांतच असतं. तेवढ्यासाठी ते स्टार्टअपमधून, म्हणजे पीसी लावल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राम्समधून, काढलं तरी पुरतं.

मग नीट काढायचं कसं? आधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा आणि सगळं खाली उतरेपर्यंत थांबा, नेट स्लो असेल तर रात्रभर लागेल पण घाई नको, मग एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. त्यानंतर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज बॅकअपमध्ये जाऊन एकेक फोल्डर बंद करा. इथे डेस्कटॉप अचानक रिकामा दिसू शकतो, घाबरू नका, फाईल्स वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये असतात, त्या कॉपी करून परत आणा, कट करू नका कारण कट केलं की क्लाउडवरून जातील. मग सेटिंग्जमध्येच 'अनलिंक धिस पीसी' करून पीसी अकाउंटपासून तोडा, आणि सगळ्यात शेवटी अनइन्स्टॉल.

जागेची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. फुकटात १५ जीबी मिळायचे ते २०१६ मध्ये ५ वर आणले, वर २०२३ पासून आउटलुकच्या मेलमधल्या अटॅचमेंट्सपण त्याच जागेत धरतात, म्हणून ती भरली की मेल यायचेसुद्धा बंद होतात. पण पीसीवरून प्रोग्राम काढल्याने क्लाउडवरची जागा एक केबीनेही रिकामी होत नाही. त्यासाठी आपली कॉपी घेतल्यावर वेबसाइटवर जाऊन फाईल्स काढायच्या आणि तिथलं रिसायकल बिनही रिकामं करायचं.