सहा आठवडे उताणं पडून राहा म्हणे!

कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन मावशीला तिसरा दिवस. फिजिओथेरपिस्ट उठवायला आली, तर ही उठेचना. उशाशी मोबाइल, त्यात फिरत आलेला मेसेज: ‘वयस्कर पेशंटची जखम चिघळू नये म्हणून पाच नियम’. सहा आठवडे उताणं पडा, टाके रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा, प्रथिनं बंद करा नाहीतर पू होतो, टाके निघेपर्यंत अँटिबायोटिक घ्या, आणि जखमेतून पाणी आलं तर येऊ द्या, ‘घाण बाहेर पडते’.

पहिला नियम लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा की जखम पाठीवर आहे! उताणं पडून राहिलं की अंगाचं वजन टाक्यांवरच येतं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, आणि रक्तच पोचलं नाही तर जखम भरणार कशाने? वर घाम, आणि लघवीवर ताबा नसेल तर तीही ड्रेसिंगखाली झिरपते. माकडहाडावर बेडसोर होतो तो वेगळाच. धडधाकट माणूस आठवडाभर पडून राहिला तरी सावरतो. पण आधीच वजन घटलेल्या, मुठीतला जोर गेलेल्या माणसाकडे झिजवायला स्नायू उरलेत कुठे?

यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. ऑपरेशनमध्ये मज्जातंतूंभोवतीचं आवरण फाटलं असेल तर काही सर्जन एक-दोन दिवस सपाट झोपवतात. दिवस, आठवडे नव्हे. एरवी सर्जनने परवानगी दिली की उठायचं, आणि अंथरुणात असताना कूस बदलत राहायची, खांदे आणि कंबर एकदम वळवून, ओंडका वळवावा तशी.

पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं खरं, पण जंतूंबरोबर जखम सांधणाऱ्या पेशीही त्यात मरतात. बंद टाक्यांना कोरडी ड्रेसिंग आणि हात लावणाऱ्याचे धुतलेले हात पुरतात.

अँटिबायोटिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: प्रतिबंधाचा डोस चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यायचा, आणि ऑपरेशन संपल्यावर नुसत्या प्रतिबंधासाठी तो लांबवायचा नाही. झालेल्या संसर्गावरचा उपचार वेगळा, तो डॉक्टर ठरवतील. मोठ्या ऑपरेशनला सामोऱ्या जाणाऱ्या, वजन कमी असलेल्या पेशंटला जादा पोषण द्यायचा विचार करा, असंही त्याच सूचना सांगतात. म्हणजे तिसऱ्या नियमाच्या नेमकं उलट. नवी कातडी प्रथिनांतूनच विणली जाते.

रक्तातली साखर आणि सिगारेट, जखमेचे हे दोन खरे शत्रू, मेसेजात औषधालाही नाहीत.

आणि ते ‘पाणी’. ड्रेसिंग स्वच्छ, पातळ पाण्याने भिजत असेल आणि बसल्यावर डोकं ठणकून आडवं झाल्यावर उतरत असेल, तर तो मज्जाद्रव, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, असू शकतो. आत मेंदूपर्यंत जंतू जायला वाट मिळते. गढूळ, दुर्गंधी स्राव, ताप, टाक्यांभोवती वाढती लाली, पायातली शक्ती कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करायचा, रात्र असली तरी.

मावशी काल दारापर्यंत चालली. मेसेज मात्र अजून पुसू देत नाही.